दांडीची सायकल आणि हिरवे लुगडे

मंदाकिनीबाई पोंक्षे यांना कोणी त्यांच्या तरुणपणाविषयी विचारले, की त्या माणसांच्या आधी वस्तूंना बोलावतात. डॉक्टर टिपणिसांची हँडल मारून सुरू करावी लागणारी गाडी, सहदेवच्या दुकानातली दांडीची सायकल आणि लाल काठांचे एक हिरवे नऊवारी लुगडे. "या तिघांनी मला डोंबिवलीत ठेवून घेतलं," असे त्या म्हणतात, आणि ते म्हणताना जुन्या शेजाऱ्यांची आठवण काढावी तसा त्यांचा सूर असतो.

एकोणीसशे बावन्न सालच्या मार्गशीर्षात मंदाकिनी डोंबिवलीला आली, तेव्हा ती बावीस वर्षांची होती. मुरबाडकडच्या एका खेड्यात तिचे बालपण गेले होते, आणि ठाण्याच्या इस्पितळात सुईणपणाचे शिक्षण घेऊन ती बाहेर पडली होती. ठाण्याला जाताना आईने तिला पेटीत तीन नऊवारी लुगडी घालून दिली होती. त्यातले हिरवे आईच्या स्वतःच्या नेसूचे, दोनदाच अंगाला लागलेले. पण ठाण्यात तिच्या बरोबरीच्या सगळ्या मुली पाचवारी पातळ गोल नेसत. पहिल्याच आठवड्यात एकीने तिला विचारले, "काय गं, तुमच्याकडे अजून काष्टा घालतात?" प्रश्नात विष नव्हते, तरी तो मंदाकिनीला लागला. तिने पांढरी गोल पातळे घेतली, निऱ्या पायघोळ सोडायला शिकली, आणि आईची लुगडी पेटीच्या तळाशी गेली.

डोंबिवलीत ती सुमतीआत्याकडे राहू लागली. आत्याचे यजमान ठाकुर्लीच्या पॉवर हाउसात नोकरीला होते. मूलबाळ नव्हते. आत्या बोलायला फटकळ, नेसायला कडक नऊवारी, आणि घर असे की दाराच्या कडीलाही चिंच लावून चकचकीत ठेवलेले. मंदाकिनीला येऊन चार-सहा दिवस झाले असतील, दुपारी बोहारीण आली. आत्या देवळात गेली होती. मंदाकिनीने पेटी उघडली, तिन्ही लुगडी काढली आणि त्यांच्या बदल्यात एक जाड पितळी पातेले घेतले. आपण घरात काहीतरी आणले, या आनंदात तिने ते फळीवर मांडून ठेवले.

आत्या आली. तिने पातेले पाहिले, पेटी पाहिली.

"कशावर घेतलंस?"

"माझी जुनी लुगडी होती. आता कोण नेसतंय ती?"

"मी नेसते," आत्या म्हणाली आणि चूल पेटवायला बसली.

दुसऱ्या दिवशी फळीवर पातेले नव्हते. मंदाकिनीने विचारले, तेव्हा आत्या म्हणाली, "कल्हईला दिलंय." कल्हईवाला मुलखाचा वेळकाढू निघाला असावा, कारण पौष गेला, माघ लागला, तरी ते पातेले घरी आले नाही. मंदाकिनीने एकदोनदा विचारले आणि मग ती ते विसरून गेली.

विसरण्यासारख्या गोष्टी तिच्याकडे त्या वेळी पुष्कळ होत्या. तिला नोकरी मिळाली होती तो दवाखाना धर्मार्थ होता आणि तो चालवणारी एक समिती होती. समितीचे प्रमुख महिपतराव हे भाताचे व्यापारी. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, जरीकाठी उपरणे, आणि बोलताना डोळे मिटून घेण्याची सवय. नेमणुकीच्या वेळी त्यांनी डोळे मिटूनच सांगितले होते, "बाई, दवाखान्यात बसून बाळंतपणं होत नसतात. खाडीकाठच्या वस्त्यांवर, शेतांतल्या पाड्यांवर जावं लागेल. तुम्हांला पोहोचता येतं की नाही ते पाडव्यापर्यंत पाहू. नाही जमलं, तर आम्ही कल्याणहून पुरुष कंपाउंडर आणू आणि वस्त्यांवरच्या बायका आपल्या जुन्या सुइणीकडे जातील. काय?"

नोकरी गेली तर मुरबाडच्या वाटेला लागायचे, हे मंदाकिनीला ठाऊक होते. तिकडे वडिलांनी एक स्थळ हेरूनही ठेवले होते. मुलगा चांगला होता, शेती होती. पण तिथे गेल्यावर ठाण्याला शिकलेले हात पुन्हा फक्त भाकरी थापणार होते.

पोहोचायचे कसे, हा प्रश्न होता. दवाखान्याचे डॉक्टर प्रभाकर टिपणीस यांच्याकडे गाडी होती खरी. विलायतेला परत जाणाऱ्या कोणा साहेबाकडून त्यांनी ती घेतली होती. काळी, ठेंगणी, पुढे दोन मोठे दिवे, बाहेर रबरी भोंगा. तिला पाहायला आळीतली माणसे उंबऱ्यावर येत. डॉक्टर हँडल घालून फिरवत, गाडी दोनदा खोकत असे आणि गप्प होत असे. "आज तिची प्रकृती बरी नाही," असे म्हणून डॉक्टर चालत रुग्णाकडे जात. त्यांनीच एक दिवस मंदाकिनीला म्हटले, "माझ्या गाडीच्या भरवशावर राहाल, तर मूल बारशाला आल्यावर पोहोचाल. सायकल शिका."

"सायकल? मी?"

"मग काय मी शिकू? मला येते."

स्टेशनजवळ सहदेवचे सायकलचे दुकान होते. तासावर सायकली मिळत. लहानपणी झाडावरून पडून सहदेवचा एक गुडघा कायमचा आखडला होता. तो स्वतः कधीच सायकलवर बसला नव्हता, पण प्रत्येक सायकलला नावाने ओळखत असे. त्याच्याकडे तेव्हा एकच लेडीज सायकल होती. मागच्या चाकाला रंगीत दोऱ्यांची जाळी, हँडलला बांधलेल्या झिपऱ्या, वर गोल घंटी. "हिला जपा, ताई," तो म्हणाला. "अख्ख्या डोंबिवलीत हिला बहीण नाही."

ठाकुर्लीच्या बाजूला भात काढून मोकळी झालेली खाचरे होती. तिथे सकाळी मंदाकिनी शिकू लागली. पडली, खरचटली, पुन्हा बसली. एक दिवस सायकल आपोआप सरळ चालू लागली, आणि कानांवरून वारा गेला. तो वारा आजही आपल्याला आठवतो, असे मंदाकिनीबाई सांगतात. आयुष्यात पहिल्यांदा आपण कोणाच्याही मागे किंवा पुढे न चालता कुठेतरी निघालो आहोत, असे त्या सकाळी त्यांना वाटले होते.

घरी मात्र आत्याने डोक्याला हात लावला.

"सायकलवर बसणार? भर गावात? अगं, पोंक्ष्यांच्या घरात पुरुषसुद्धा चालत जातात!"

"म्हणून ते उशिरा पोहोचतात, आत्या."

"तोंड बघा! आणि पडलीस म्हणजे?"

"पडून झालंय."

"लोक काय म्हणतील, ते पडून झालेलं नाही अजून," आत्या म्हणाली.

आणि ते लवकरच झाले. माघातल्या एका संध्याकाळी मंदाकिनी पहिल्यांदा गावातून सायकल घेऊन निघाली. गणपतीच्या देवळासमोर माणसांची वर्दळ होती. तिच्या पांढऱ्या पातळाचा पायघोळ घोळ साखळीत सापडला, साखळीने तो ओढून घेतला, आणि ती सायकलीसकट देवळाच्या पायरीशी आडवी झाली. कापड टरकन फाटले. नारळ विकणाऱ्या बाईने धावत येऊन तिच्यापुढे आपला पदर धरला. कोणी हसले, कोणी "अरेरे" म्हणाले, आणि एका टोपीवाल्या गृहस्थांनी ऐकू जाईल असे म्हटले, "नर्सबाईंनाच नर्स लागणार!"

दुसऱ्या दिवशी महिपतराव दवाखान्यात आले. डोळे मिटून म्हणाले, "बाई, पातळ उडतं, पिंढऱ्या दिसतात. दवाखान्याची अब्रू आहे. आम्ही सायकलीच्या विरुद्ध नाही, पण हे दृश्य बरं नव्हे." आणि जाता जाता म्हणाले, "पाडवा जवळ आला."

मंदाकिनीने घोळ वर खोचून पाहिला, दोरीने बांधून पाहिला, टाचण्या लावून पाहिल्या. खोचलेला सुटे, बांधलेल्यात पाय अडके, टाचण्या बोचत. नऊवारी लुगड्याचा विचार तिच्या मनात आला नाही. ते तिच्या लेखी मुरबाडकडेच राहिले होते, आणि मुरबाडला तिला जायचे नव्हते.

फाल्गुनातल्या एका सकाळी ती दवाखान्यात पोहोचते न पोहोचते, तोच एक तरुण धापा टाकत दारात आला. कमरेला रुमाल, उघडे अंग, पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले. खाडीकाठच्या कोळ्यांच्या वस्तीवरचा हा धाकू. त्याची आई आवडाबाई डोक्यावर मासळीची पाटी घेऊन गावात फिरायची, म्हणून तिला सगळे ओळखत.

"नर्सबाय, चला. मालूला पहाटंपासून कला लागल्यान. पोर अरकलंय. आये सांगते, आता बाय आली तरच."

मालू ही त्याची बायको, पहिलटकरीण; कळा देऊनही तिचे मूल अडले होते. मंदाकिनीने पिशवी उचलली. डॉक्टर कुठे आहेत? ते पहाटेच शीळफाट्याकडे एका रुग्णासाठी गाडी घेऊन गेले होते, आणि तिकडून आलेल्या बैलगाडीवाल्याने निरोप आणला होता, की गाडीची प्रकृती बिघडली असून डॉक्टर तिच्याशेजारी बसून आहेत. धाकू तिला चालत न्यायला तयार होता, पण वस्ती रेल्वेच्या पलीकडे, खाचरांच्याही पलीकडे होती. चालत तिथे पोहोचेपर्यंत ऊन माथ्यावर आले असते.

ती सहदेवच्या दुकानाकडे धावली. लेडीज सायकल दुकानापुढे उताणी पडली होती, दोन्ही चाके काढलेली.

"कालच खोलली, ताई. चाकांतल्या कटोऱ्या झिजल्यात," सहदेव कळवळून म्हणाला. "ही न्या." त्याने पुढे केली ती काळी, भक्कम, उंच हर्क्युलिस. मधोमध आडवी दांडी.

गोल पातळ नेसून त्या दांडीवरून पाय टाकणे अशक्य होते. धाकूला वल्हे मारता येत होते, सायकल येत नव्हती. सहदेवचा गुडघा वळत नव्हता. तेवढ्यात दुकानातले एक गिऱ्हाईक पुढे झाले. "मी सोडतो बाईंना. बसा मागं, डबलसीट."

मंदाकिनी क्षणभर थांबली, आणि मग सायकल हातात धरून आत्याच्या घराकडे पळतच निघाली. आपण घरी का निघालो, हे तिलाही नीट ठाऊक नव्हते. धाकू मागे, त्याच्यामागे डबलसीट नेऊ पाहणारा तो परोपकारी गृहस्थ.

आत्या अंगणात तांदूळ निवडत होती. तिने सायकल पाहिली, चिखलाने माखलेला धाकू पाहिला, आणि तो परका गृहस्थ पाहिला.

"हे कोण?"

"मला कॅरियरवर बसवून न्यायला तयार आहेत. आत्या, तिकडे मूल अडलंय. लेडीज सायकल मोडलीय. हिच्यावर मला बसता येत नाही."

आत्याने सूप खाली ठेवले. परक्या पुरुषाच्या मागे, त्याच्या पाठीला धरून, भावाची कुमारी मुलगी भर गावातून जाणार. एका बाजूला हे, आणि दुसऱ्या बाजूला पुरुषी सायकल. आत्याच्या मनातला तराजू झुकायला फार वेळ लागला नाही.

"तुम्ही जा हो," ती त्या गृहस्थाला म्हणाली. "उपकार झाले. मंदे, आत ये."

आत जाऊन तिने आपली ट्रंक उघडली. वरची दोन लुगडी बाजूला सारली आणि तळातून एक घडी काढली. हिरवे, लाल काठांचे. मंदाकिनी पाहतच राहिली.

"आत्या, हे तर..."

"उभी राहा सरळ. हलू नकोस."

"पण हे बोहारणीला..."

"वहिनीच्या नेसूचं लुगडं बोहारणीच्या पाटीतून गावभर फिरणार, हे मला बघवलं नाही. दुसऱ्या दिवशी गाठली तिला, देवळामागे. तुझं पातेलं परत दिलं आणि हे घेतलं. तीन नेली होतीन्, एकच परत देते म्हणाली. पक्की बाई! मी हेच मागितलं. श्वास आत घे."

"म्हणजे कल्हईला..."

"कल्हई कसली डोंबलाची! पाय फाकव."

बोलता बोलता आत्याचे हात चालत होते. कमरेला गाठ बसली, निऱ्या झाल्या, ओचा घट्ट खोचला गेला, आणि काष्टा मागे असा आवळला गेला की मंदाकिनी चवड्यांवर उचलली गेली. पोटऱ्या झाकलेल्या, पाय मोकळे. पदर कमरेभोवती घेऊन आत्याने खोचला आणि एक पाऊल मागे सरून पाहिले.

"आता टाक तंगडी त्या दांडीवरून," ती म्हणाली. "आणि हे बघ, पडू नकोस. लुगडं फाटेल."

मंदाकिनी पायरीवर चढली, तिने पाय टाकला, आणि ती बसली. हर्क्युलिस उंच होती, पण लेडीज सायकलीसारखी चंचल नव्हती. रेल्वेचे फाटक बंद होते. तिथे उतरावे लागले, आणि पुन्हा चढायला दगड शोधावा लागला. फाटकवाला हातातली झेंडी विसरून बघत राहिला. पलीकडे बांधाची वाट, मग खाऱ्या वाऱ्याचा वास, मग वाळत घातलेली जाळी. तिला आईचे लुगडे अंगावर जाणवत होते. ते कुठेही अडकत नव्हते. बायका या कपड्यात लावणी करतात, विहीर उतरतात, झाडावर चढतात, हे लहानपणापासून पाहिलेले सगळे तिला त्या वाटेवर एकदम आठवले, आणि ठाण्याच्या त्या मैत्रिणीचा प्रश्न तिने मनातल्या मनात परत करून टाकला.

वस्तीच्या तोंडाशी आवडाबाई उभी होती. डोळ्यांवर हात धरून वाट बघत होती.

"अगो बाय! मी बोल्ले, आपलीच कंची कोलीन सायकलवर बसून आली!" ती ओरडली, आणि लगेच तिने मंदाकिनीच्या हातातली पिशवी घेतली. "ये बाय, लवकर ये."

आतल्या अंधाऱ्या खोलीत मालू घामाने निथळत होती. मुलाच्या गळ्याभोवती नाळ होती. ठाण्याला जे शिकवले होते, ते मंदाकिनीच्या बोटांना आठवले. तिने हळूच नाळ सैल केली, डोक्यावरून काढली, आणि मालूला म्हणाली, "आता, बाई, जोर कर." मूल निळसर होते. मग ते लाल झाले, आणि मग ते असे रडले की बाहेर बसलेली म्हातारी माणसे उठून उभी राहिली. मुलगी होती. आवडाबाईने नातीला न्याहाळले आणि भिंतीला टेकून ती खाली बसली.

धाकू पोहोचला तेव्हा मालू निजली होती.

पाडव्यानंतर समिती बसली. महिपतरावांनी डोळे मिटले. "बाईंच्या कामाबद्दल आमची तक्रार नाही. पण पुरुषी सायकलवर स्त्रीनं बसावं, हे..."

डॉक्टर टिपणीस म्हणाले, "अडचण कशाची आहे, रावसाहेब? पातळ उडत होतं म्हणालात. आता त्या नऊवारी नेसतात. नऊवारीत काही वावगं आहे का?"

महिपतरावांनी डोळे उघडले. त्यांच्या घरी मातुःश्री नऊवारी नेसत, पत्नी नऊवारी नेसत, आणि मोठ्या सुनेने पाचवारीचे नाव काढले तेव्हा रावसाहेबांनीच घर डोक्यावर घेतले होते, हे आळीत कोणाला ठाऊक नव्हते? नऊवारीला नावे ठेवून त्या दुपारी त्यांना पानावर बसता आले नसते.

"नऊवारीबद्दल कोण काय बोलणार?" ते म्हणाले.

तेवढ्यात दारातून आवाज आला. आवडाबाई मासळीची पाटी बाहेर ठेवून आत डोकावत होती. "रावसायब, मना सांगा, तुमचा कंपाउंडर आमच्या वस्तीवर आला असता नं, तर मालूनं त्याला खोलीन घेतला असता काय?"

समितीतले एक वयस्क सभासद खोकले. डॉक्टर खिडकीबाहेर पाहू लागले. महिपतरावांनी पुन्हा डोळे मिटले, आणि मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाले, "बाईंना कायम करावं."

मंदाकिनी कायम झाली. समितीने सहदेवकडून हर्क्युलिस दवाखान्यासाठी विकत घेतली. पुढे डोंबिवलीत लेडीज सायकली पुष्कळ आल्या. बुशशर्ट आले, टोप्या गेल्या, नर्सा आणि शिक्षिका गोल पातळ नेसून चालू लागल्या. मंदाकिनीने मात्र उलटे केले. सणासुदीला गोल पातळ आणि कामावर लुगडे, असा तिचा नेम झाला. "सायकलवाली सुईण" म्हणून तिला खाडीवरच्या मोठागावापासून ठाकुर्लीपर्यंत लोक ओळखू लागले, आणि लांबून हिरवा रंग दिसला की वस्तीवरच्या बायका चुलीवर पाणी चढवू लागत.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला दवाखान्याच्या अंगणात पूजा मांडली होती. ज्याने त्याने आपली हत्यारे आणून ठेवली होती. डॉक्टरांच्या चिमट्या आणि कात्र्या पाटावर होत्या. त्यांची गाडी झेंडूच्या माळा घालून उभी होती, नवरीसारखी खाली मान घालून. सहदेवने हर्क्युलिस धुऊन, पुसून, हँडलला आपट्याची डहाळी बांधून आणली होती. सुमतीआत्या हळदीकुंकवाचे तबक घेऊन आली. तिने गाडीला बोट लावले, कात्र्यांना लावले. सायकलीपाशी येऊन ती क्षणभर थांबली. मग तिने दांडीवर बोट टेकवले, हँडलवर टेकवले, आणि मागच्या चाकालाही, कारण चाके दोन आहेत आणि एकालाच लावले तर दुसरे रुसेल, असे तिने सांगितले.

"झालं?" मंदाकिनीने विचारले. त्या दिवशी सण म्हणून ती गोल पातळ नेसून आली होती.

"नाही झालं," आत्या म्हणाली. तिने काखेतून एक घडी काढली. धुऊन, वाळवून, उशाखाली दाबून इस्त्री केल्यासारखी. हिरवे लुगडे तिने पाटावर, कात्र्यांच्या शेजारी ठेवले.

"आत्या, लुगड्याची पूजा?"

"हत्यारच ते," आत्या म्हणाली, आणि लाल काठावर तिने कुंकवाचे बोट टेकवले. "नमस्कार कर. तुझ्या आईलाही पोहोचेल."

मंदाकिनी वाकली. डोके पाटाला टेकवून ती नेहमीपेक्षा थोडी अधिक वेळ तशीच राहिली. मागे डॉक्टर हँडल फिरवत होते. गाडीने माळांसकट दोनदा खोकून घेतले आणि ती गप्प झाली.

"पूजा पावली नाही वाटतं," डॉक्टर म्हणाले. "मंदाकिनीबाई, शीळफाट्याचा निरोप आहे. तुम्हीच जाता का?"

मंदाकिनीने आत्याकडे पाहिले. आत्याने पाटावरचे लुगडे उचलले, त्यावरच्या अक्षता झटकल्या आणि दवाखान्याच्या आतल्या खोलीकडे चालू लागली.

"ये आत," ती म्हणाली. "श्वास धरून ठेव."